ज्यू पंचांग वाचायला शिका, कालनिर्णय शेजारी ठेवून

भिंतीवरचं 2026 चं कालनिर्णय खाली काढा आणि मार्च महिना उघडा. 19 मार्चला गुढीपाडवा आहे. ज्यू पंचांगात त्याच दिवशी निसान महिन्याची 1 तारीख आहे. आता एप्रिल बघा. 2 तारखेला हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पौर्णिमा. तिकडे निसानची 15, पेसाह सणाचा पहिला दिवस. फेब्रुवारीत माघी पौर्णिमेच्या सुमाराला तू बिश्वात, मार्चच्या सुरुवातीला होळी-धुळवडीच्याच दिवसांत पुरीम. यात चमत्कार काही नाही. दोन्हीकडे महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि त्यांची सांगड घालायला मधूनमधून घातलेला एक जादा महिना. अधिक मास म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही, म्हणून हे पंचांग आपल्याला बाकीच्यांपेक्षा लवकर समजतं. तीन-चार गोष्टी मात्र वेगळ्या आहेत, आणि नवशिका माणूस नेमका तिथे अडखळतो.

पहिली पायरी: दिवस संध्याकाळी सुरू होतो

आपली तिथी व्यवहारात सूर्योदयाला धरतात, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, आणि ज्यू तारीख सूर्यास्ताला. हे डोक्यात पक्कं बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. कॅलेंडरवर “पेसाह, 2 एप्रिल” असं छापलं असेल, तर सण लागतो 1 एप्रिलच्या संध्याकाळी आणि मुख्य जेवणही त्याच रात्री असतं. 2 तारखेला दुपारी शुभेच्छा द्यायला गेलात, तर जेवण कालच उरकलेलं असेल.

शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, याच हिशेबानं चालतो. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत, साधारण 25 तास. घरातली बाई मेणबत्त्या सूर्यास्ताच्या आधी लावते, बहुतेक ठिकाणी 18 मिनिटं आधी. जेरुसलेममध्ये 40 मिनिटं आधी लावायची पद्धत आहे. मुंबईचा सूर्यास्त कालनिर्णयात असतोच, त्यातून 18 मिनिटं वजा केली की झालं. हिवाळ्यात ही वेळ पावणेसहाच्या आगेमागे येते, जूनअखेर सातच्या सुमाराला.

शब्बातला कोणती कामं करायची नाहीत, याचे 39 प्रकार परंपरेनं ठरवले आहेत. विस्तव पेटवणं, लिहिणं, शिजवणं, कापणी करणं वगैरे. वीज, फोन, गाडी हे सगळं आधुनिक काळात त्याच नियमांखाली आलं. प्रत्येक घर ते सारख्याच कडकपणे पाळतं असं नाही, पण ज्याच्याकडे जायचं त्याला आधी विचारावं. रायगडातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या धर्माचं आणखी काही गावाला माहीत असो-नसो, सुट्टीचा वार सगळ्यांना ठाऊक होता.

दुसरी पायरी: महिने ओळखा

महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपल्या अमान्त महिन्यासारखाच. उत्तर हिंदुस्थानातला महिना पौर्णिमेनंतर लागतो, त्यामुळे तिथलं पंचांग घेऊन ही तुलना करायला बसलात तर वद्य पक्षात गोंधळाल. मराठी पंचांग सरळ जुळतं. ज्यू महिन्याची 1 तारीख शुद्ध प्रतिपदेच्या आसपास आणि 15 तारीख पौर्णिमेच्या आसपास. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, कारण तिकडे तिथीचा क्षय किंवा वृद्धी नाही. 1 ते 29 किंवा 1 ते 30, सरळ मोजायचं.

निसानपासून धरले तर महिने असे: निसान, इय्यार, सिवान, तामुझ, आव, एलुल, तिश्री, हेशवान, किसलेव, तेवेत, शेवात, अदार. निसान म्हणजे साधारण चैत्र, आणि तिथून पुढे क्रमानं लावत जा. तिश्री आश्विनाशी आणि अदार फाल्गुनाशी येऊन मिळेल. पाठ करायचे तर आधी चारच करा: निसान, आव, तिश्री, अदार. वर्षाचे तीन चतुर्थांश महत्त्वाचे दिवस या चारांत येतात.

आता एक खोच. तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, महिन्यांची मोजणी निसानपासून आहे, पण वर्षाचा आकडा बदलतो सातव्या महिन्यात, तिश्रीला. आपल्याकडे शक पाडव्याला बदलतो आणि व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला उघडते, त्यातला प्रकार. कुणी “नवं वर्ष” म्हणालं तर ते रोश हशाना, तिश्रीची 1 तारीख.

तिसरी पायरी: वर्षाचा आकडा आणि अधिक महिना

इंग्रजी सनात जानेवारीपासून रोश हशानापर्यंत 3760 मिळवा, त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत 3761. 2026 च्या मार्चमध्ये 5786 चालू आहे. 11 सप्टेंबर 2026 च्या संध्याकाळी 5787 लागतं. परंपरेच्या हिशेबानं हा जगाच्या निर्मितीपासूनचा आकडा आहे.

बारा चांद्र महिने म्हणजे 354 दिवस. पेसाह वसंतातच आला पाहिजे अशी तोराची आज्ञा, म्हणून 19 वर्षांत 7 वेळा एक महिना वाढवतात. आपला अधिक मास ज्या महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही तिथे पडतो, त्यामुळे तो कधी श्रावणात, कधी आश्विनात, कधी ज्येष्ठात. ज्यूंचा जादा महिना मात्र कायम एकाच जागी: अदारच्या आधी आणखी एक अदार. पहिला अदार 30 दिवसांचा आणि दुसरा 29 चा. पुरीम दुसऱ्या अदारात साजरा होतो.

जादा महिन्याचं वर्ष कोणतं, ते ओळखायला वर्षाला 19 नं भागा. बाकी 0, 3, 6, 8, 11, 14 किंवा 17 उरली तर तेरा महिन्यांचं वर्ष. 5786 ला बाकी 10, म्हणजे साधं वर्ष. 5787 ला बाकी 11, म्हणजे जादा अदार.

याचा परिणाम बघायचा तर पुन्हा 2026 च्या कालनिर्णयाकडे या. मेच्या मध्यापर्यंत दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात. मग 17 मेला अधिक ज्येष्ठ लागतो आणि आपलं पंचांग एक महिना थांबतं; ज्यू पंचांग थांबत नाही. त्यामुळे 2025 मध्ये जो रोश हशाना घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला होता, तो 2026 मध्ये गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी लागतो, आणि सुक्कोत हा मांडवाचा सण ऐन अनंत चतुर्दशीच्या, 25 सप्टेंबरच्या संध्याकाळी. फेब्रुवारी 2027 मध्ये पहिला अदार पडला की ज्यू पंचांगही महिनाभर थांबतं आणि गाडी पुन्हा रुळावर येते: पुरीम 23 मार्च 2027, त्याच सुमाराला होळी. असा मेळ दर वर्षी असतोच असं नाही. 2021 मध्ये पुरीम 26 फेब्रुवारीला होता आणि होळी मार्चच्या शेवटी.

जुन्या काळी हे आकडेमोडीनं ठरत नव्हतं. जेरुसलेममध्ये साक्षीदार येऊन नवी चंद्रकोर पाहिल्याचं सांगत, न्यायसभा महिना जाहीर करी, डोंगरांवर आगटी पेटवत आणि पुढे निरोपे धाडत. लांबच्या वस्तीला निरोप वेळेवर पोचेलच याची खात्री नसे, म्हणून तिथले लोक सण एकाऐवजी दोन दिवस धरू लागले. गणिती पंचांग परंपरेनुसार चौथ्या शतकात दुसऱ्या हिलेलनं लावून दिलं, तरी तो जादा दिवस राहिलाच. पेसाह इस्रायलमध्ये 7 दिवस आणि बाहेर, अगदी ठाण्या-मुंबईतही, 8 दिवस असतो तो यामुळे. इंटरनेटवरची तारीख इस्रायलची आहे की बाहेरची, हे म्हणूनच तपासावं.

चौथी पायरी: वर्षातून एक फेरी मारा

सुरुवात एलुलपासून करावी, कारण तिश्रीची तयारी त्या महिन्यात होते. पहाटे उठून क्षमायाचनेच्या प्रार्थना म्हणतात. मग रोश हशाना, दोन दिवस. मेंढ्याच्या शिंगाचं शोफार फुंकतात. पण दिवस शनिवारी आला तर फुंकत नाहीत, म्हणून 2026 मध्ये त्याचा आवाज दुसऱ्या दिवशी, रविवारीच ऐकू येईल. सफरचंद मधात बुडवून खाणं जगभर चालतं. कोकणातल्या बेने इस्रायलांकडे मात्र हलव्याशिवाय नवं वर्ष नाही. गव्हाचा चीक काढायचा, नारळाच्या दुधात साखर घालून तो आटेपर्यंत घोटत राहायचं, परातीत थापून वड्या पाडायच्या. दूध नारळाचंच, कारण मांसाच्या जेवणाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. कोकणात नारळ असताना हा नियम पाळायला फार त्रास पडला नसावा. या सणाला ते जुन्या बोलीत नव्याचा सण म्हणत.

तिश्रीच्या 10 तारखेला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. 2026 मध्ये 20 सप्टेंबरच्या संध्याकाळपासून 21 च्या रात्रीपर्यंत. अन्नपाण्याशिवाय 25 तास, पाण्याचा थेंबही नाही. चामडी पादत्राणं घालत नाहीत, पांढरे कपडे घालतात. जुन्या बेने इस्रायल घरांत या दिवसाचं नाव दारफळणीचा सण: दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाशी संबंध ठेवायचा नाही. दुसरा दिवस शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. इस्रायलमध्ये असाल तर या दिवसाची तयारी आदल्या दिवशीच करा. विमानतळ बंद, बस बंद, दुकानं बंद, टीव्हीसुद्धा बंद. रस्ते इतके रिकामे असतात की पोरं महामार्गावर सायकली घेऊन उतरतात.

तिश्रीत बेने इस्रायलांचा आणखी एक सण होता, खिरीचा. नव्या धान्याची खीर. नवान्न पौर्णिमा ठाऊक असलेल्या माणसाला तो समजावून सांगायला नको. मग 15 तारखेपासून सुक्कोत: उघड्यावर झावळ्यांचा मांडव घालून सात दिवस त्यात जेवायचं. शेवटी सिमहात तोरा, तोराची गुंडाळी हातात घेऊन नाचायचा दिवस. हे सगळं तीन आठवड्यांत उरकतं आणि पुढचा हेशवान महिना अगदी कोरा असतो.

हनुका किसलेवच्या 25 ला लागतो, आठ दिवस, रोज एक दिवा वाढवत. 2026 मध्ये 4 डिसेंबरच्या संध्याकाळपासून. परदेशातल्या दुकानांमुळे हाच सर्वांत मोठा ज्यू सण असा समज झाला आहे. धार्मिक दृष्ट्या तो लहान सण आहे, कामधंदा बंद नसतो. कोकणातल्या बेने इस्रायलांना पूर्वी तो माहीतच नव्हता. हनुका ज्यावरून पाळतात त्या घटनेआधी, म्हणजे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं त्याआधी, त्यांचे पूर्वज निघाले असावेत असं म्हणणारे याचाच दाखला देतात. त्यांच्या कोकणात येण्याची दंतकथा अलिबागजवळच्या नवगावची: जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली.

तू बिश्वात, शेवातची 15 तारीख, झाडांचं नवं वर्ष. इतर ज्यू या दिवशी फळं खातात. रायगडात हा दिवस एलियाहू हानाबी म्हणजे एलिया प्रेषिताशी जोडला गेला. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा रथ तिथून आभाळात गेला त्याच्या त्या चाकोऱ्या, अशी श्रद्धा. नवस फेडायला मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, सुका मेवा, वेलची, भोवती पाच प्रकारची फळं. तबक मध्ये ठेवून प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांना वाटायचं. लग्नाआधी, बारशाला, नवी नोकरी लागली की, परीक्षा पार पडली की, मलिदा कधीही होतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात हा विधी नाही, म्हणून मला तो या फेरीतला सर्वांत बघण्याजोगा दिवस वाटतो.

पुरीमला एस्तेर राणीची कथा वाचतात. खलनायक हामानचं नाव आलं की पाय आपटून, खुळखुळे वाजवून ते बुडवतात. सोंगं घेतात, मित्रांना खाऊ पाठवतात, गरिबांना पैसे देतात. कोकणात याचं नाव होळीचा सण. दोन्ही सणांत पौर्णिमा आणि दंगा सारखाच.

पेसाहला घरातून आंबवलेलं धान्य हद्दपार करतात. गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट ही पाच धान्यं पाण्यात 18 मिनिटांहून जास्त राहिली तर आंबली असं धरतात, म्हणून मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, त्याच्या आत भाजून व्हावी लागते. युरोपातले अश्केनाझी ज्यू या आठवड्यात तांदूळ आणि डाळीही टाळतात; बेने इस्रायल भात खातात. कोकणात सणाआधी घराला चुना लागायचा, भांड्यांना कल्हई व्हायची आणि आंबवणाचं मडकं झाकून ठेवलं जायचं, त्यावरून अनशी ढाकाचा सण. सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या मुख्य जेवणाच्या, रात्री इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेची हकिगत हागादा नावाच्या पोथीतून वाचतात. हिब्रू-मराठी हागादा 1846 मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली होती, आणि 1874 च्या पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात बायका लुगडी नेसून, जमिनीवर बसून मात्झा करत आहेत.

पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून 49 दिवस मोजायचे, त्याला ओमेर म्हणतात, आणि पन्नासाव्या दिवशी शावुओत हा सण. त्या काळात, निदान काही आठवडे, लग्नं लागत नाहीत. 33 वा दिवस अपवाद. याच मोसमात इस्रायलचे राष्ट्रीय दिवस येतात. निसान 27 च्या आसपास नाझींनी केलेल्या ज्यू हत्याकांडाचा स्मृतिदिन, सकाळी 10 वाजता दोन मिनिटं भोंगा वाजतो आणि भर रस्त्यात गाड्या थांबवून माणसं उतरून उभी राहतात. आठवड्यानं सैनिकांचा स्मृतिदिन, आणि त्याची संध्याकाळ होताच स्वातंत्र्यदिन: इय्यारची 5, कारण 14 मे 1948 ला ती तारीख होती. शब्बातशी गाठ पडू नये म्हणून हे दिवस एक-दोन दिवस मागेपुढे सरकवतात.

तामुझ 17 ते आव 9 हे तीन आठवडे दुखवट्याचे. जेरुसलेमची दोन्ही मंदिरं आव 9 ला पडली असं मानतात, म्हणून योम किप्पूरइतकाच कडक उपास, जमिनीवर बसून विलापगीतं. 2026 मध्ये 22 जुलैच्या संध्याकाळपासून, म्हणजे आषाढी एकादशीच्या तोंडावर. कोकणात हा बिरड्याचा रोजा. वालाच्या बिरड्यावरून हे नाव पडलं.

पाचवी पायरी: दगडावरची तारीख वाचा

अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा या भागांत जुन्या ज्यू दफनभूमी आहेत. शिळांवर हिब्रू असतं, बऱ्याचदा मराठीही. हिब्रूत अक्षरांनाच किंमती आहेत आणि वर्ष लिहिताना 5000 गाळतात. समजा शिळेवर ताव, रेश, सामेख, हे अशी अक्षरं आहेत. ताव 400, रेश 200, सामेख 60, हे 5, बेरीज 665, म्हणजे 5665. त्यातून 3760 वजा करा: 1905. तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा मृत्यू असेल तर 1904. महिन्याची 15 तारीख 10 आणि 5 अशी लिहीत नाहीत, कारण ती अक्षरं देवाच्या नावात येतात. 9 आणि 6 लिहितात, तेत आणि वाव. तू बिश्वातमधलं “तू” तेच.

मृत्यूचा वार्षिक दिवस ज्यू तारखेनंच पाळतात, आपल्या श्राद्धाच्या तिथीसारखा. घरच्यांना तारीख काढून द्यायची असेल तर मृत्यू सूर्यास्ताच्या आधी झाला की नंतर, हे आधी विचारा. नंतर झाला असेल तर तारीख एकानं पुढे.

सहावी पायरी: भेट, शुभेच्छा, कामकाज

शुक्रवार-शनिवारी “शब्बात शालोम”. रोश हशानाला “शाना तोवा”. पेसाह, सुक्कोत, शावुओतला “हाग सामेआख”. योम किप्पूरच्या आधी “ग्मार हतिमा तोवा”. आव 9 ला शुभेच्छा देऊ नयेत. एवढं जरी पाळलंत तरी समोरच्याला कळतं की तुम्ही माहिती काढून आला आहात.

भेट म्हणून न चिरलेली फळं सर्वांत सुरक्षित. घरची बर्फी प्रेमाची असली तरी तुपादुधाची, आणि त्या घरी नुकतं मटण झालं असेल तर ती तशीच ठेवावी लागते. पेसाहमध्ये पाव, बिस्किटं, केक नेऊ नका.

भायखळ्याचं मागेन दाविद, फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू, पुण्याचं ओहेल दाविद म्हणजे लाल देऊळ बघायला जायचं असेल तर आधी विचारून, ओळखपत्र बरोबर ठेवून जा. पुरुषांनी डोकं झाकावं. शब्बातला आत फोटो काढू नयेत.

इस्रायली कंपनीशी काम पडत असेल तर आठवडा रविवारी सुरू होतो, हे लक्षात ठेवा. शुक्रवार सुट्टीचा धरा. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असतात. तिश्रीच्या मध्यावर कुणी “सणांनंतर बघू” असं म्हणालं तर ते टाळत नाहीत. सिमहात तोरापर्यंत तिथे खरंच काही हलत नाही, तेव्हा 2026 ची मुदत 4 ऑक्टोबरनंतरची मागून घ्या.